मोहन्याच्या वर्गातल्या तीन मेणबत्त्या

आमच्या कोरेगावातली माणसं प्रवासाला निघाली की ठरलेल्या ठिकाणी जातात. कुणी तिरुपतीला, कुणी गोव्याला, पोरगं परदेशी लागलं असेल तर दुबईला. परत आली की चहाला बोलावून फोटो दाखवतात. मी डिसेंबरात आठवडाभर ठाणे, दिवा, कल्याण, डोंबिवली असं फिरून आले हे कळल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "का गं, कुणी आजारी होतं का तिकडं?"

कुणी आजारी नव्हतं. मी एका पत्र्याच्या पेटीसाठी गेले होते.

त्याचं असं झालं. मी शाळेत मराठी शिकवते. आमचे विज्ञानाचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही, आणि "जाधव बाई, तुम्हाला बारावीला सायन्स होतं ना?" एवढं विचारून मुख्याध्यापकांनी आठवीचं विज्ञान माझ्या गळ्यात बांधलं. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात एक गंजलेला स्टँड, फुटक्या परीक्षानळ्या आणि कुणीतरी ठेवलेलं गणपतीचं मखर. मी पुस्तक वाचून दाखवायचे, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित करून घ्यायचे, पोरं पाठ करायची. चांगलं चाललं होतं असं सगळे म्हणत होते. मला मात्र विज्ञानाचा तास कधी संपतो असं व्हायचं. कवितेचा अर्थ विचारला तर मी चार सांगेन, पण "बाई, असं का होतं?" म्हटलं की मी पुस्तकात डोकं घालायचे.

अशात ठाण्यातल्या एका संस्थेची सूचना आली. शाळेत विज्ञान कसं शिकवायचं याचं आठवड्याचं शिबिर. शेवटच्या दिवशी अनोळखी वर्गावर पाठ घ्यायचा आणि तो पार पडला तर शाळेला प्रयोगपेटी भेट. भिंगं, चुंबक, काचेची भांडी, तारा, छोटे दिवे, सगळं. मी ती सूचना आठवीत वाचून दाखवली. ओंकार नावाचं आमचं एक आगाऊ कार्टं आहे. ते उभं राहिलं.

"बाई, म्हणजे तुमची परीक्षा?"

"व्हय, माझी."

"आन् नापास झालात तर?"

वर्ग खिदळला. आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. "पेटी घेतल्याशिवाय ह्या वर्गात पाऊल ठेवणार नाही," असं सांगून बसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आता मागे फिरायची सोय उरली नव्हती.

ठाणे

थंडीचे दिवस म्हणून दोन स्वेटर नेले होते. ते बॅगेतच राहिले. ठाण्यात डिसेंबरातसुद्धा दुपारी पंखा लागतो, आणि लोक त्याला "काय मस्त गारवा आहे" म्हणतात.

शिबिर एका जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावर होतं. खिडकीतून मासुंदा तलाव दिसायचा. सकाळी तलावाभोवती इतकी माणसं चालत असतात की जत्रेला निघाल्यासारखं वाटतं. आमच्याकडे माणूस असा विनाकारण चालायला लागला तर लोक थांबवून विचारतील, गाडी बंद पडली काय? तलावाजवळ मिसळ खाल्ली. साताऱ्याची आहे म्हणून जोरात "तिखट द्या" म्हणाले, आणि दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी काढलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेजारी बसलेल्या मुलीनं ताकाचा ग्लास माझ्याकडे सरकवला. ती तृप्ती म्हात्रे, दिव्याची शिक्षिका, माझ्याच शिबिरात आलेली. वयानं माझ्या निम्मी, आणि बोलायला लागली की दम खात नाही.

शिबिर घेणाऱ्या वर्तक बाई. सत्तरीच्या, बारीक, सुती साडी, विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी पहिल्याच तासाला आपला नियम सांगितला.

"मूल विचार करत असताना तुम्ही उत्तर सांगितलंत, तर मी एवढंच म्हणेन, 'खडू'. मग खडू टेबलावर ठेवायचा आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं. पाठ दुसरं कुणीतरी पुढे नेईल."

आम्ही मान डोलावली. सोपं वाटलं.

"आणि अर्धं वाक्य सोडून द्यायचं, मुलांनी त्याचं शेपूट जोडायचं, असं केलंत तरी खडू."

ते कुणाला कळलं नाही. वर्तक बाईंनी चुंबक उचलला, शिक्षकी सूर लावला आणि म्हणाल्या, "लोखंड चुंबकाकडे...?"

"ओढलं जातंऽऽ!" आम्ही तीस शिक्षक एका सुरात ओरडलो. आमच्यात पन्नाशीचे लोक होते, दोन तर पर्यवेक्षक होते. मग सगळे एकमेकांकडे बघून ओशाळलो.

"बघा," बाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी शेपूट अजून वळवळतंय. ह्यात विचार कुठे झाला?"

मी घाबरले, कारण माझं सगळं शिकवणं ह्या शेपटावर चालतं. "म्हणून कवी म्हणतो की...?" "पृथ्वीचा आकार...?" "समजलं काऽऽ?" "होऽऽ!" एवढं ऐकलं की मला शिकवल्याचं समाधान मिळतं. पहिल्या दिवशी माझा खडू चहा यायच्या आतच पडला. जेवणानंतर पुन्हा पडला. शेवटच्या बाकावर तृप्ती आधीच बसलेली होती.

"लोड नका घेऊ ताई," ती कुजबुजली. "माझा सकाळपासून दोनदा पडलाय. मी तर म्हणते टिफिन इकडेच आणून ठेवू."

मला हसू आलं नाही. मला पेटी दिसत होती आणि ती लांब लांब जात होती.

दिवा

मधल्या दिवसांत सरावाला वेगवेगळ्या शाळांत नेलं. माझ्या वाट्याला तृप्तीचीच शाळा आली. दिव्यात इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की एका घरातल्या बाईनं फोडणी दिली की समोरच्या घरातला माणूस शिंकतो. शाळा म्हणजे एका चाळीचा तळमजला. इथे मुलं मला "टीचर" म्हणत होती. आयुष्यभर "बाई" ऐकलेल्या कानांना ते आपल्यासाठी आहे हे आधी कळेचना.

पाठ होता, हवा जागा व्यापते. ग्लासाच्या तळाशी कागदाचा बोळा दाबून बसवायचा, ग्लास उपडा करून पाण्यात बुडवायचा, कागद कोरडा राहतो. त्याला बादलीभर पाणी हवं. मी सहज म्हटलं, "एक बादली भरून आणता का?" तर शिपाईमामा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी तूप मागितलं.

"मॅडम, पाणी उद्या येणार. आज कुठून?"

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! तृप्ती पळत जाऊन घरून एक कळशी घेऊन आली. पाठ सुरू झाला, पण पोरं ग्लासाकडे बघतच नव्हती, ती पाण्याकडे बघत होती. ग्लास बुडवताना थोडं सांडलं तर पहिल्या बाकावरून "आईशप्पथ!" असा आवाज आला. पाठ संपल्यावर मी पाणी खिडकीतून ओतायला निघाले, तेवढ्यात एक मुलगी आडवी आली.

"टीचर, फेकू नका. बाथरूमला होईल."

ती कळशी घेऊन गेली. आमच्याकडे कॅनॉलला पाणी सुटलं की पोरं त्यात तासभर डुंबतात. मी पाठाची तयारी करताना सगळा विचार केला होता, एवढाच केला नव्हता. ज्या वर्गात जायचं तिथं काय महाग आहे ते आधी विचारावं, हे मला वर्तक बाईंनी नाही, त्या पोरीनं शिकवलं.

पाठ कसा झाला? तो झालाच नाही म्हणा. "म्हणजे ग्लासात आधीपासून...?" असं माझ्या तोंडून गेलं आणि "हवा होतीऽऽ!" असा चाळ हलवणारा आवाज आला. मागून वर्तक बाई शांतपणे म्हणाल्या, "खडू."

दुपारी तृप्तीनं घरी जेवायला नेलं. म्हात्र्यांचं घर दिवा हे गाव होतं तेव्हापासूनचं, आता चारी बाजूंनी सहा-सहा मजले उठलेत. तिच्या आईनं पाट मांडला, तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी वाढली आणि वर सुकटीची चटणी. आम्ही ज्वारी-बाजरीवर वाढलेली माणसं. भाकरी इतकी पांढरी असू शकते हेच नवल. सुकटीच्या वासाला मी जरा थबकले, ते त्या माउलीच्या लक्षात आलं.

"जेव गो बाय, लाजू नको. पानी कमी हाय, पन भाकरी भरपूर हाय."

मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. जाताना त्यांनी विचारलं, तोंड का उतरलंय? तृप्तीनं खडूची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "मंग तोंड मिटून ठेवाचा. त्यात काय?"

बोलणं सोपं. पण त्या दिवसापासून मी खरंच तोंड मिटायचा सराव सुरू केला. प्रश्न विचारायचा आणि मनात सावकाश अंक मोजायचे. पहिल्यांदा ती शांतता असह्य झाली, वाटलं पोरांना काही येत नाही आणि मलाही येत नाही. मग कळलं की तेवढ्यात कुणीतरी भुवया उंचावतं, कुणी शेजाऱ्याला कोपर मारतं, आणि हात वर येतो. गुरुवारी माझा खडू एकदाही पडला नाही. मी ठरवलं, आता काही झालं तरी पेटी सोडायची नाही.

शेवटच्या पाठाचा विषय ज्यानं त्यानं निवडायचा होता. मी मेणबत्तीचा प्रयोग घेतला. ताटात पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, तिच्यावर ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. ऑक्सिजन संपला म्हणून त्याच्या जागी पाणी आलं. हे मला शाळेत असल्यापासून पाठ.

वर्तक बाईंनी माझा कागद वाचला. "नक्की हाच?"

"हो बाई. हा मला अगदी पाठ आहे."

"म्हणूनच विचारलं," म्हणाल्या आणि कागद परत दिला.

मोहने

शेवटचा पाठ मोहन्याच्या शाळेत होता. कल्याणच्या पुढे शहाडला उतरून शेअर रिक्षा केली. डाव्या हाताला उल्हास नदी, अर्धी पाण्याची आणि अर्धी जलपर्णीची. लांबून हिरवंगार शेत वाटलं, म्हणून मी रिक्षावाल्याला विचारलं, "पीक कशाचं आहे?" मागे बसलेले दोघेजण हसले. मोहन्यात शिरलं की जुन्या रेयॉन कंपनीच्या चिमण्या दिसतात. इथं कुठलाही पत्ता कंपनीच्या अलीकडे नाहीतर पलीकडे असाच सांगतात.

शाळा पलीकडे होती. आठवीचा वर्ग. इथं पुन्हा "बाई" ऐकलं आणि जीव थाऱ्यावर आला. शेवटच्या बाकावर वर्तक बाई. पाठ पार पडायला दोन अटी होत्या: खडू पडता कामा नये, आणि तास संपायच्या आत मुलांनी स्वतःच्या शब्दांत निष्कर्ष फळ्यावर लिहिला पाहिजे.

मेणबत्ती विझली, पाणी चढलं. मी विचारलं, का? आणि मूग गिळून उभी राहिले. दुसऱ्या रांगेतला मुलगा म्हणाला, "बाई, आतला ऑक्सिजन जळून गेला. जागा रिकामी झाली, म्हणून पाणी आलं." मला त्याला मिठी मारावीशी वाटली. अजून निम्मा तास शिल्लक होता. त्याला फळ्यापाशी बोलवायचं, लिहून घ्यायचं, की पेटी माझी. मी खडू पुढे केलासुद्धा.

तेवढ्यात खिडकीजवळच्या मुलीनं हात वर केला. दोन घट्ट वेण्या, नाव सानिका.

"बाई, तीन मेणबत्त्या लावल्या तर?"

जिभेवर उत्तर तयार होतं, तेवढंच चढेल, कारण ग्लास तोच, हवा तेवढीच. पण सांगितलं असतं तर खडू गेला असता. म्हणून निव्वळ धाकानं म्हणाले, "लावून बघूया."

लावल्या. ग्लास ठेवला. तिन्ही विझल्या. आणि पाणी चढत गेलं, मघाच्या खुणेच्या चांगलं वर.

मग एकच गलका.

"बाई, ग्लास तोच आहे ना?" सानिका म्हणाली. "मग जास्तीचा ऑक्सिजन आला कुठून?"

खरंच, कुठून आला? शाळेत असल्यापासून जे छातीठोकपणे मानत आले ते माझ्या डोळ्यांसमोर पाण्यात बुडालं होतं. मी वर्तक बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. ताकास तूर लागू देईनात. अजून वेळ होता. "हे आपण नंतर बघू" म्हणून पहिलाच निष्कर्ष लिहून घेतला असता तर नियमानं मी पास होते. त्या मुलानं स्वतःच्या शब्दांत सांगितलाच होता.

पण सानिका माझ्याकडे बघत होती. तिला पेटीबिटी काही माहीत नव्हतं. तिला फक्त पाणी का चढलं ते हवं होतं. अशा पोरीला "नंतर बघू" कसं म्हणू? मी फळ्याकडे वळले आणि लिहिलं: तीन मेणबत्त्यांनी पाणी जास्त का चढलं?

"मला माहीत नाही," मी वर्गाला सांगितलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"बाईंना माहीत नाय?" मागून कुणीतरी म्हणालं. त्यात आश्चर्य होतं आणि, खोटं कशाला सांगू, आनंदही होता. मग जो तो बोलायला लागला. धूर पाणी ओढतो. मेणबत्त्यांनीच जागा अडवली. मोठा ग्लास घ्या. लहान घ्या. करून बघता बघता घंटा झाली, आणि फळ्यावर प्रश्न तेवढा उरला.

व्हरांड्यात वर्तक बाई म्हणाल्या, "खडू पडला नाही. पण निष्कर्षही नाही. पेटी कशावर देऊ?"

"उद्या शनिवार, सकाळची शाळा असते. मी पुन्हा येते."

"शिबिर आज संपलं, जाधव बाई."

"माझा पाठ संपला नाही."

मी विचारलं, "बाई, तुम्हाला उत्तर माहीत आहे?"

"आहे."

"सांगणार?"

"छे." आणि पहिल्यांदाच हसल्या. "उद्या मुख्याध्यापक तास देत असतील तर घ्या. मी येईन असं मात्र सांगत नाही."

मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "या की, शनिवारी गणिताचे सर रजेवरच आहेत."

डोंबिवली

माझी मामेबहीण शुभा डोंबिवली पूर्वेला राहते, बँकेत नोकरी करते. मुक्काम तिच्याकडेच होता. त्या रात्रीच्या एसटीचं माझं तिकीट होतं, ते रद्द केलं. कोरेगावला आमच्या मुख्याध्यापकांना फोन केला. "पेटीच ना बाई? नसली तर नसू दे, आपण आहे त्यात भागवतोय की," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका समजूतदार होता की मला रागच आला. भागवतोय म्हणून तर निघाले होते.

शुभा कोपऱ्यावरच्या केंद्रातून पोळ्या आणि भाजी घेऊन आली. आमच्याकडे घरात दोन बायका असताना पोळ्या विकत आणल्या तर आळीभर चर्चा होईल. इथं संध्याकाळी त्या दुकानासमोर रांग असते आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. मला ही चाल फार आवडली.

"वैशू, मी तुला ऑनलाइन मागवून देते ना तसली पेटी," शुभा म्हणाली. "एवढा जिवाचा आटापिटा कशासाठी?"

"पोरांना काय सांगू? विकत आणली?"

"मग निदान जेवून घे. आधी पोटोबा."

जेवण झाल्यावर तिच्या ओट्यावर स्टीलचं ताट ठेवलं. नातवाच्या वाढदिवसाच्या उरलेल्या मेणबत्त्या तिनं काढून दिल्या. एक लावली, तीन लावल्या, पुन्हा एक. शुभा आधी हसत होती, मग चष्मा लावून वाकून बघायला लागली.

"अगं, ग्लास टेकवतेस ना, तेव्हा बुडबुडे येतायत कडेनं. तीनला जास्त."

पुन्हा केलं. खरंच येत होते. आणि आणखी एक दिसलं, पाणी ज्योत पेटलेली असताना नाही, विझल्यावर भराभर चढत होतं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मेणबत्त्यांनी हवा तापते, फुगते, कडेनं थोडी निसटून जाते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते, आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. मेणबत्त्या जास्त तर हवा जास्त तापते, जास्त पळते. मी शुभाला गदागदा हलवलं. पन्नाशीत आयुष्यात पहिल्यांदा विज्ञानातलं काहीतरी मला स्वतःला कळलं होतं, पुस्तकातून नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि ह्या वेळी मिसळ नव्हती.

मग लक्षात आलं की खरी पंचाईत आता आहे. आज मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून गप्प राहणं जमलं. उद्या माहीत असणार होतं.

पुन्हा मोहने

सकाळी वर्गात गेले तर शेवटच्या बाकावर वर्तक बाई आधीच बसलेल्या. पायाशी कापडी पिशवीत काहीतरी चौकोनी. शेजारी तृप्ती, तिची पेटी तिला काल मिळाली होती. "मी फक्त बघायला आलेय ताई," तिनं खुणेनं सांगितलं आणि अंगठा दाखवला.

फळ्यावर कालचा प्रश्न तसाच होता. पोरांनी पुसू दिला नव्हता. सानिका उभीच होती.

"बाई, मी घरी केला. आई ओरडली, दिवाळीच्या मेणबत्त्या संपवल्या म्हणून. पण बाई, ताट नीट धुतलेलं नव्हतं, साबण राहिलेला. तर ग्लास ठेवल्यावर बाहेरून फुगे आले. साबणाचे. मोठे मोठे."

हेच ते. "फुगे का आले असतील?" मी विचारलं आणि मनात अंक मोजायला लागले.

"आतून काहीतरी बाहेर आलं," एकजण म्हणाला.

"काय आलं?"

"धूर?"

"धूर असता तर काळा दिसला असता ना रे."

चर्चा धुरावरून कार्बन डायऑक्साइडवर गेली, तिथून कंपनीच्या चिमणीवर गेली. घड्याळ पुढे सरकत होतं. मला माहीत होतं! दोन शब्द, तेवढेच द्यायचे होते. हात आपोआप वर गेला, गळा आपोआप तो सूर लावून मोकळा झाला, "म्हणजे गरम झालेली हवा..."

सगळ्या वर्गानं श्वास आत घेतला. चाळीस तोंडं शेपूट जोडायला उघडली. मागे वर्तक बाईंच्या ओठांवर 'ख' आला. तृप्तीनं डोळे मिटून घेतले.

"...असते की नसते," मी कसंबसं म्हणाले, "हे कोण दाखवेल, आणि कशावरून?"

चाळीस तोंडं मिटली. वर्तक बाईंचंही मिटलं.

मग सानिका म्हणाली, "साबणाच्या पाण्यात परत करूया. आणि सगळ्यांनी बघायचं, फुगे कधी येतात आणि पाणी कधी चढतं." तिनंच ग्लास ठेवला. वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. फुगे आले. ज्योती विझल्या. आणि कालच्याच त्या मुलानं, ज्यानं ऑक्सिजन संपला असं सांगितलं होतं, ओरडून सांगितलं, "ए, विझल्यावर चढतंय! ऑक्सिजन जळत होता तेव्हा तर चढलंच नाय!"

त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. ते एकमेकांशी भांडले, एकमेकांना खोडून काढलं, आणि शेवटी सगळे सानिकाकडे बघायला लागले. मी तिच्या हातात खडू दिला. तिनं लिहिलं:

हवा तापली आणि पळाली. उरलेली गार झाल्यावर आकसली. म्हणून पाणी आत घुसलं.

घंटा झाली तेव्हा मी खाली बसले होते. कधी बसले ते आठवत नाही. वर्तक बाई पुढे आल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "जड आहे. एसटीत पायाशी ठेवा, वर ठेवू नका." एवढंच. मी वाकून नमस्कार केला. शहाडला तृप्तीनं वडापाव खायला घातला आणि तिखट चटणी मला विचारून वेगळी ठेवायला लावली.

कोरेगाव

सोमवारी पेटी आठवीच्या टेबलावर ठेवली. पोरांनी बाक वाजवले. ओंकार म्हणाला, "बाई, पास?"

"पास. पण आधी एक बघा." मी पेटी उघडली नाही. शाळेच्या पोषण आहारातलं एक ताट, एक ग्लास, एक मेणबत्ती. ज्योत विझली, पाणी चढलं.

"का चढलं?"

आणि पन्नास पोरांनी, एकही न चुकता, हेल काढून म्हटलं, "ऑक्सिजन संपलाऽऽ, म्हणूऽऽन!"

माझंच वाक्य. ऑगस्टमध्ये मीच पाठ करून घेतलेलं, माझ्याच सुरात. मला लाज वाटली आणि हसूही आलं. मी पर्समधून आणखी दोन मेणबत्त्या काढल्या, तिन्ही पेटवल्या आणि ग्लास ठेवला. पाणी चढत चढत वर गेलं. पोरं बाकांवरून उठून टेबलापाशी आली.

"बाई," ओंकार ग्लासावरून नजर न काढता म्हणाला, "असं का? सांगा की."

मी खडू त्याच्या हातात दिला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले.